धाकल्याची उडी

"वैनी, कुंपान वाढवू नगा."

शिदबा असं म्हणाले तेव्हा मी दोरीवर ओवीचे कपडे वाळत घालत होते आणि सुतार खांबांवर खडूच्या खुणा करत होता. मी तोंडात धरलेले चिमटे आधी दोरीला लावले. नंतर विचारलं, "का?"

"थोरल्याच्या रक्ताला आडवं काय आलं, की त्ये वाट शोधत न्हाई. उडी शोधतं."

"चार फुटांचं साडेपाच फूट होतंय शिदबा. माझ्या डोक्याच्या वर जातंय. कुठून मारणार उडी?"

"आत्ता त्येची मान वाकून पोरीपत्तुर पोचती. म्हून त्यो गप हाय. पोचंना झाली की येईल."

"यायला नको, म्हणूनच तर वाढवतेय."

सुतार हसला. शिदबा हसले नाहीत. त्यांनी खांबावर हात ठेवून पलीकडे पाहिलं. तिथे एक तांबूस रंगाचा तीन वर्षांचा घोडा उभा होता आणि आमच्याकडेच बघत होता. शिदबा म्हणाले, "मी रोज चार वाजता हितं हुबा ऱ्हातो. पोरीला येऊ द्या. पर कुंपान ऱ्हाऊ द्या हाय तेवढं."

"तुम्हाला तेवढंच काम आहे का?" मी म्हणाले आणि उरलेले कपडे वाळत घातले.

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. लोणंदपासून थोड्या अंतरावर कर्नल सुर्व्यांचा स्टड फार्म होता. कर्नल घोडदळातून निवृत्त झालेले. गुडघ्यांच्या दोन शस्त्रक्रियांनंतर त्यांना घोड्यावर बसता येत नव्हतं, पण अडथळ्यांवरून उड्या मारणारे घोडे, म्हणजे शो जंपिंगचे घोडे, तयार करण्याचं त्यांचं वेड गेलं नव्हतं. माझा नवरा मकरंद तिथला पशुवैद्य. आम्हाला पागेला लागूनच घर मिळालं होतं: दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे मुरमाचं अंगण, आणि अंगणाच्या कडेला ते कुंपण. कुंपणाच्या पलीकडे घोड्यांना मोकळं सोडायचा वाडगा. मी प्राणिशास्त्रात पदवी घेतलेली, आणि घरात अडीच वर्षांची मुलगी. कर्नल म्हणाले, बसून काय करतेस, वंशावळीची नोंदवही तू ठेव. मी ठेवू लागले.

त्या वहीचं पहिलं पान रुस्तुमचं होतं. हा घोडा कर्नलनी जर्मनीहून शिंगरू असताना आणला होता. तो मी पाहिला नाही. आम्ही यायच्या दोन महिने आधीच तो गेला. कचेरीत त्याचा फोटो होता. अडथळ्याच्या वरच्या दांडीच्या हातभर वर तो तरंगतोय, पुढचे पाय पोटाशी घेतलेले, आणि पाठीवर स्वाराच्या वेशातले तरुण कर्नल डोळे मिटून बसलेले. पागेतले लोक त्याला थोरला म्हणत. त्याची सत्तेचाळीस पोरं माझ्या वहीत होती. डेहराडून, जयपूर, मीरत, बंगळूर, जिथे जिथे घोड्यांच्या उड्या व्हायच्या तिथे तिथे त्याची एखादी मुलगी नाहीतर नात उभी असायची. पण नर कमी. जे झाले ते फौजेत गेले आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे खच्ची झाले. पैदाशीसाठी ठेवता येईल असा एकच उरला होता, कुंपणापलीकडचा तो तांबूस घोडा. थोरल्याचं शेवटचं शिंगरू. म्हणून धाकला.

आणि धाकला उडी मारत नव्हता.

त्या आठवड्याच्या आधीच्या रविवारी कर्नलनी त्याला तिसऱ्यांदा आजमावलं होतं. मी वही घेऊन हजर होते, ओवी माझ्या कडेवर. दोन्ही बाजूंनी बांबू लावून वाट केलेली, मध्ये कमरेएवढी दांडी. धाकल्याला मोकळं सोडलं. तो दुडक्या चालीनं दांडीपाशी गेला, थांबला, दांडी हुंगली, गुडघ्यानं ढकलून पाडली आणि पलीकडे चालत गेला.

"शाब्बास," कर्नल म्हणाले. "शेळी आहे शेळी. शिदबा, हे थोरल्याचंच आहे ना? का कुठल्या टांग्याच्या घोड्यानं कुंपणावरून हात मारला?"

लोक हसले. शिदबा एकतीस वर्षं त्या पागेत मोतद्दार होते, घोड्यांची सगळी देखभाल त्यांच्याकडे. धनगराचं घर, लहानपणी मेंढरांबरोबर सामानाची तट्टं हाकत फिरलेले. थोरला आला तेव्हा तो जहाजाच्या प्रवासानं आजारी होता आणि शिदबा अठ्ठावीस दिवस त्याच्या गव्हाणीशी झोपले होते, असं सांगत. ते म्हणाले, "सायेब, दांडीच्या पल्याड काय ठेवलंया? कायबी न्हाई. मग त्येनं कशापायी उडावं?"

"त्याच्या बापासाठी काय ठेवायचो मी? लाडू?"

"थोरल्याला तुमी पाठीवर हुता की. ह्येच्या पाठीवर कोन हाय?"

कर्नलनी स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "ते खरं. पण मी आता बसू शकत नाही आणि तीन वर्षांच्या घोड्यावर दुसऱ्या कुणाला मी बसवणार नाही. येत्या रविवारी शेवटचं बघतो. काही उतरलं असेल तर राहील. नसेल तर सोमवारी डॉक्टर आहेतच." त्यांनी मकरंदकडे बघून दोन बोटांनी कात्रीची खूण केली.

शिदबांनी धाकल्याला धरलं आणि नेलं. जाताना ते त्याच्या कानाशी काहीतरी बोलत होते. आई शाळेच्या फाटकाशी मुलाशी बोलते तसं.

त्याच दिवशी दुपारी मला कळलं की ओवी रोज काय करते. घड्याळात चार वाजले होते. मी दूध तापवत होते आणि अंगणात आवाज नव्हता. मुलांचा आवाज नसला की काय असतं ते आयांना माहीत असतं. मी बाहेर आले. ओवी कुंपणाशी टाचा उंचावून उभी होती आणि धाकल्याची मान वरून वाकलेली होती. तिचा हात मनगटापर्यंत त्याच्या तोंडात होता.

मी ओरडले नाही. मागून जाऊन तिला उचललं. हात ओला होता, बोटं पाचही होती. मी दोनदा मोजली.

"गूळ," ओवी म्हणाली. "घोड्याला गूळ."

"कोणी सांगितलं तुला?"

"शिदबाआजा."

मी मकरंदला सांगितलं. तो म्हणाला, "मुग्धा, अगं घोडा ओठानं खातो, दातानं नाही. मी रोज त्याच्या तोंडात हात घालतो."

"तुझा हात आणि तिचा हात एक आहे का?"

"बरं बाई, कर्नलना विचार, वाढवून देतील कुंपण."

कर्नल लगेच हो म्हणाले. "पोरीसाठी ना? कर. खालून तट्ट्याही बांधून घे, म्हणजे हात जायला नको." मंगळवारी सुतार आला. शिदबांनी मला सांगितलं ते मी आधीच लिहिलं. बुधवारी दुपारपर्यंत साडेपाच फुटांवर नवी आडवी काठी बसली, खाली बांबूच्या तट्ट्या बांधल्या गेल्या, आणि त्या संध्याकाळी मी कित्येक महिन्यांनी दार उघडं ठेवून स्वयंपाक केला.

गुरुवारी चार वाजता धाकला कुंपणाशी आला. तट्टीला नाक लावून उभा राहिला. ओवी अलीकडून तट्टीवर थापा मारत होती. "घोडा, ये. घोडा, ये." गुळाचा खडा तिनं फटीतून सारायचा प्रयत्न केला, तो पडला, मुंग्या लागल्या. अर्ध्या तासानं दोघंही कंटाळून गेली. मला वाटलं, दोन दिवसांचं आहे, मग विसरतील.

शुक्रवारी मी ओट्याशी होते. ओट्याच्या समोर खिडकी, खिडकीतून अंगण, अंगणापलीकडे कुंपण. मी त्या घरात आले तेव्हा ओटा कुठे आहे हे बघण्याआधी ही खिडकी बघितली होती. ओवी अंगणाच्या मध्यावर बसून डबीत मुरूम भरत होती. कुंपणापासून चारेक पावलांवर असेल. धाकल्याचं डोकं काठीच्या वर आलं. कान पुढे. तो तिच्याकडे बघत होता. तिनं वर पाहिलं आणि डबी उंच करून त्याला दाखवली.

मग धाकल्यानं पाठ फिरवली. सावकाश चालत तो लांब गेला. मला त्याची पाठ, मग फक्त शेपटीकडचा पुठ्ठा, मग काहीच दिसेना. बरं झालं, मी मनाशी म्हणाले, आणि गॅस बारीक करायला वळले.

टापांचा आवाज आला तेव्हा माझा हात अजून गॅसच्या बटणावर होता. तीन, चार, पाच. आवाज वाढत गेला आणि अचानक थांबला. मी वर पाहिलं.

तो हवेत होता. पुढचे पाय पोटाशी घेतलेले. मान लांब, पोट काठीपासून वीतभर वर. उडी कुंपणाची होती, पण खाली ओवी होती, आणि हे त्याला वर गेल्यावर दिसलं असावं. मी त्याला हवेत वळताना पाहिलं. कंबर डावीकडे, खांदा उजवीकडे, ओलं फडकं पिळावं तसा. त्यामुळे तो जिथे पडायचा तिथे पडला नाही. ओवीच्या डोक्यावरून पुढे गेला, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला तुळशीच्या कट्ट्याजवळ उतरला, गुडघ्यांवर गेला, उठला. दोन्ही गुडघ्यांवरचं कातडं सोललं होतं. मग लंगडत तो तिच्यापाशी आला आणि नाक तिच्या केसांत घातलं.

"गूळ संपला," ओवी म्हणाली.

हे सगळं मी काचेतून पाहिलं. मी केव्हा बाहेर आले ते मला आठवत नाही. ओवी माझ्या हातात होती आणि मी ओरडत होते, एवढं आठवतं. घोडा मागे सरला होता आणि थरथरत होता. शिदबा पागेकडून धावत आले. साठीचा माणूस तसा धावताना मी पाहिला नव्हता.

"पोर?" ते म्हणाले.

"ठीक आहे. न्या त्याला! आधी न्या त्याला इथून!"

त्यांनी ओवीच्या डोक्यावरून, पाठीवरून एकदा हात फिरवला. मग घोड्याकडे पाहिलं. मग कुंपणाकडे. नव्या काठीकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. ती जागची हलली नव्हती. त्यांचे डोळे भरून आले. खांद्यावरचं कांबळं काढून धाकल्याच्या गळ्यात टाकलं, बाजूच्या फाटकाची साखळी काढली आणि त्याला वाडग्यात घेऊन गेले.

कर्नल काठी टेकत यायला वीस मिनिटं लागली. मकरंद त्यांच्याबरोबर होता. त्यानं आधी ओवीला तपासलं, मग धाकल्याचे गुडघे.

"काय झालं?" कर्नलनी विचारलं.

"सायेब," शिदबा म्हणाले. त्यांचा आवाज वेगळाच येत होता. "सायेब, धाकल्यानं कुंपान मारलं."

"मारलं म्हणजे?"

"वरनं. उडी मारली. साडेपाच फूट, सायेब. काठीला नख न्हाई लागलं. थोरला उतरलाय त्येच्यात. थोरल्याच्या वरताण हाय ह्यो."

कर्नलनी कुंपण पाहिलं. काठीवरून हात फिरवला. मग फाटकाकडे पाहिलं. ते उघडं होतं आणि साखळी लोंबत होती.

"फाटक तर उघडं आहे."

"आत्ता मी उघाडलं. त्येला आत न्यायला."

"शिदबा."

"टापा बघा की. हितनं सुटलाय, तिथं उतरलाय." त्यांनी मुरमाकडे बोट दाखवलं. मुरूम घट्ट होता. आमच्या सगळ्यांच्या पावलांखाली काय होतं ते आता सांगता येत नव्हतं.

"बाबा, या रविवारी त्यानं कमरेएवढी दांडी ढकलून पाडली. आणि आज स्वार नाही, लगाम नाही, काही नाही, आणि साडेपाच फूट?" कर्नल रागावले नव्हते. ते अगदी हळू बोलत होते. "तुझा जीव आहे त्याच्यावर. मला कळतं. फाटक राहिलं असेल उघडं. एकतीस वर्षांत एकदा राहिलं तर मी काही म्हणणार नाही."

"न्हाई ऱ्हायलं, सायेब."

"बरं." कर्नल माझ्याकडे वळले. "मुग्धा, तू इथंच होतीस. तू काय पाहिलंस ते सांग. नीट आठवून सांग, कारण या घोड्यानं खरंच उडी मारली असेल, तर असं जनावर माझ्या हयातीत पुन्हा होणार नाही. मग मी त्याला इथून हलवणार नाही. वीस वर्षं जगू दे, इथंच राहील. तुमच्या घराला मी भिंत बांधून देईन. सांग."

शिदबा माझ्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा उजळ होता. माझ्यावर त्यांचा पूर्ण भरवसा होता, कारण ही बाई खिडकीतून अंगणावरची नजर काढत नाही हे पागेत सगळ्यांना माहीत होतं. त्यावरून माझी चेष्टाही व्हायची.

ओवी माझ्या खांद्यावर होती. तिच्या केसांना घोड्याच्या श्वासाचा वास येत होता. वीस वर्षं, मी ऐकलं. आणि भिंत. भिंत किती उंच बांधतील?

"मी नाही पाहिलं," मी म्हणाले. "मी आत होते. ओरडणं ऐकून बाहेर आले, तेव्हा तो अंगणात होता."

ओरडणं माझंच होतं. हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

शिदबांचा चेहरा बदलला नाही. फक्त त्यांनी माझ्यावरची नजर काढून जमिनीवर ठेवली. हळूहळू, जड वस्तू खाली ठेवावी तशी.

"ठीक," कर्नल म्हणाले. "वस्तीत घुसतो आणि उडीही नाही. मग ठेवायचा कशासाठी? रविवारची गरज नाही. डॉक्टर, सोमवारी उरकून घ्या."

सगळे गेल्यावर मकरंदनं स्वयंपाकघरात हात धुतले. तो खिडकीसमोर उभा होता. बाहेर अजून ऊन होतं आणि कुंपणाची सावली अर्ध्या अंगणापर्यंत आली होती.

"खरंच नाही पाहिलंस?"

"नाही म्हटलं ना."

तो साबण लावत राहिला. मग म्हणाला, "गुडघे समोरून सोललेत त्याचे. चालत आलेल्या घोड्याचे सोलत नाहीत."

"मग कर्नलना सांग तसं."

"मी सांगून काय होणार? घसरला असेल म्हणतील. पाहिलेलं कोणीतरी लागतं." त्यानं नळ बंद केला. त्यानंतर या विषयावर आम्ही बोललो नाही. अजूनही नाही.

शिदबा तिन्हीसांजेला दाराशी आले. आत आले नाहीत. मला वाटलं, आता विचारतील. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

"वैनी, पोर भ्याली आसंल. मीठ-मोहऱ्या ववाळून टाका." ते म्हणाले. "आन् चार दिस तिला एकटीला झोपवू नगा." एवढं सांगून ते गेले.

मी पदवीधर. मी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. ओवी भ्याली नव्हती. ती 'घोडा उडाला, घोडा उडाला' म्हणत होती, आणि मी तिला म्हणत होते, नाही हं, घोडा चालत आला.

सोमवारी सकाळी मकरंदनं काम उरकलं. घोडा तरुण होता, निरोगी होता, काही अडचण आली नाही. दुपारी कर्नलनी मला कचेरीत बोलावलं आणि नोंद सांगितली. मी लिहिली. रुस्तुम आणि मैना यांचा नर, रंग तांबूस, वय तीन, खच्ची केला. शेरा: बापाचे गुण उतरले नाहीत. माझं अक्षर चांगलं आहे. कर्नलनी वाचून सही केली.

त्याच दिवशी शिदबांनी नोकरी सोडली. कर्नल त्यांना म्हणाले, "अरे, मी तुला काही बोललो का?" शिदबा म्हणाले, "न्हाई, सायेब. पर फाटक ज्येच्या हातनं उघडं ऱ्हातं त्यो मोतद्दार कसला?" आणि खराऱ्याचा ब्रश कर्नलांच्या टेबलावर ठेवून गेले. हे मला कचेरीतल्या लोकांनी सांगितलं. मी तेव्हा ओवीला घेऊन घरात बसले होते, आणि कुंपणापलीकडे कोणी नव्हतं; धाकल्याला आत पागेत बांधलं होतं. मला फार बरं वाटलं होतं. ते लिहायला हवं. मला फार बरं वाटलं होतं.

दिवाळीनंतर मकरंदला परभणीला नोकरी मिळाली आणि आम्ही तो फार्म सोडला.

गेल्या हिवाळ्यात ओवीनं हट्ट धरला म्हणून आम्ही पुण्याला शो जंपिंगच्या स्पर्धा पाहायला गेलो. ती आता दहा वर्षांची होत आली आहे. तिला त्यातलं काही आठवत नाही, किंवा आठवत नाही असं ती म्हणते. सराव-मैदानाच्या कठड्याशी आम्ही उभ्या होतो. एक काळी घोडी अडथळ्यासमोर आली, थांबली आणि पाठ फिरवून चालू लागली. बघणारे हसले. एक जण म्हणाला, "भ्याली." मी ओवीचा हात घट्ट धरला. घोडी पंधरा-वीस पावलं गेली, वळली, आणि आली. दांडीच्या हातभर वरून गेली.

स्वार एक तरुण लष्करी अधिकारी होता. तो घोडीला पाणी दाखवत असताना मी त्याला विचारलं, "ही रुस्तुमच्या घराण्यातली का?"

त्याला आश्चर्य वाटलं. "पणती. तुम्ही कसं ओळखलंत?"

"तिनं पाठ फिरवली."

"हो, त्या रक्ताच्या सगळ्याच फिरवतात. आम्हाला शिकवतातच, तिला जाऊ द्या, ती येते." त्यानं घोडीच्या मानेवर थोपटलं. "आता फक्त मुलींच्या बाजूनं उरलंय. नर कोणी नाही. शेवटचा एक होता म्हणे, पण त्याच्यात काहीच उतरलं नव्हतं. नोंदवहीत तसा शेराच आहे."

"तुम्ही वाचलाय तो शेरा?"

"वाचलाय ना. फार सुंदर अक्षर आहे कुणाचं तरी."

ओवी घोडीच्या नाकापाशी हात धरून उभी होती. मी तिला मागे ओढलं नाही.

परभणीला परतल्यावर मी कर्नलना पत्र लिहिलं. दीड पान. काचेतून काय दिसलं, ते सगळं क्रमानं. महिन्याभरानं त्यांचं उत्तर आलं. अक्षर थरथरलेलं होतं.

'मुग्धा, पत्र पोचले. नोंदवहीतला शेरा मी माझ्या हाताने खोडला आहे आणि तुझे पत्र त्या पानाला टाचले आहे. त्याने धाकला आता पुन्हा पैदाशीचा होणार नाही. शिदबा नोकरी सोडल्यावर महिन्याभराने, तुम्ही परभणीला गेल्यावर, आला होता आणि धाकल्याला मागून घेऊन गेला, हे तुला ठाऊक नसेल. तुझे पत्र त्याला वाचून दाखवायला मी जायला हवे होते. गुडघे हे कारण सांगता येईल, पण ते खरे कारण नाही. मी त्याला खोटा ठरवला होता. दिवाळीत त्याचा निरोप येत असे. या वर्षी आला नाही.'

मी जायला निघाले होते. पण मला सातवा महिना आहे, आणि डॉक्टरांनी बसचा प्रवास करू नका असं सांगितलं आहे. हेही कारण खरं आहे, पण पुरतं नाही. मकरंदला जा म्हणावं, तर आधी त्याच्याशी बोलावं लागेल.

म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्यापैकी कोणी लोणंदच्या बाजूला जाणार असेल, तर फलटणच्या रस्त्याला लागल्यावर सुळक्याची वाडी म्हणून विचारा. वाडीच्या वर माळावर एकच घर आहे म्हणतात. शिदबा धायगुडे. बायको केव्हाच वारली, मुलगी बारामतीकडे दिली आहे. दारात तांबूस घोडा असेल तर म्हातारा आहे असं समजा. नसेल तरी हाक मारा, आणि ओ आली नाही तर तेवढ्यावर परत फिरू नका, आत जाऊन बघा. पाणी कोण भरतं, भाकरी कोण करून घालतं, अंगावर पांघरूण पुरेसं आहे का, एवढं विचारा. बसले असतील आणि ऐकायच्या मनःस्थितीत असतील, तर डॉक्टरांच्या बायकोनं सगळं पाहिलं होतं असं सांगा. ते काही बोलले नाहीत तर थोडा वेळ नुसते बसून राहा. आणि मग कसे आहेत ते मला कळवा.